घेण्याचं वजन

बारा फेब्रुवारी १९९५, रविवार, सकाळी पावणेदहा. जागा, शहराच्या छावणी भागातल्या आमच्या भाड्याच्या घराचं अंगण. हजर: मी, माझी आई, घरमालक चाचा आणि रद्दीवाला. वजनावर कोरलेला आकडा दोन किलो. प्रत्यक्ष भरलेलं वजन दोन किलो तीनशे दहा ग्रॅम.

एवढी नोंद मी त्याच दिवशी वहीत केली, कारण राग आला की मी लिहून काढतो. बायको म्हणते, इतर माणसं भांडी आपटतात. पण तीनशे दहा ग्रॅमसाठी सत्तर वर्षांच्या माणसावर मी भर अंगणात का ओरडलो, हे कळायला तो माणूस आधी कळला पाहिजे. आणि तो कळणं सोपं नव्हतं. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहिलो, त्यातली निदान पाच मी वैतागात काढली.

चाचा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनी नोकरीला लागले, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले तेव्हा बाजारोबाजार फिरून दुकानदारांना नवा हिशेब शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सरकारी प्रमाण वजनांची पेटी ते स्वतः एसटीत चढवत, शिपायाला हात लावू देत नसत. वजन कापडानं धरायचं, बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. मिठाची पुडीसुद्धा ते फडक्यानं धरून पारड्यात टाकत. बायको वारलेली, मुलगा परदेशात. स्वयंपाक स्वतःच करत आणि भाकरीसाठी पिठाचा गोळा तोलून घेत, एकशे दहा ग्रॅम. त्यांच्या घरात तराजू तीन होते आणि खुर्ची एक.

व्यायामाचं वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. एका शुक्रवारी मशिदीत सजद्यातून उठताना त्यांना शेजारच्या माणसाच्या खांद्याला धरावं लागलं. शेजारचा काही बोलला नाही. "वो बोलता तो अच्छा था," चाचा सांगायचे, "चुप रह्या, वोच लग्या मेरेकू." घरी येऊन त्यांनी पलंगाखालची वजनं बाहेर काढली. छावणीतल्याच एका निवृत्त हवालदाराकडून चार-पाच प्रकार शिकून घेतले. पहिलवान व्हायचं नव्हतं. जमिनीवरून हात न टेकता उठता आलं पाहिजे, हे त्यांचं माप. मला ते सत्तरीत दिसले तेव्हा ते मांडी घालून बसलेले सरळ उभे राहत, आणि समोर कोणी असेल तर पुन्हा बसून पुन्हा उभे राहत.

ते एकट्यानं केलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण गल्लीतल्या साठीवरच्या प्रत्येक माणसाची ते दर वर्षी फेरतपासणी करत. दुकानातल्या वजनांची व्हायची तशी. अंगणाच्या भिंतीवर कोळशानं रकाने आखलेले असत: खुर्चीतून उठणे, एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे. शेवटच्या रकान्यात शेरा. नापास हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. 'दुरुस्तीस पात्र' लिहीत. खात्यात झिजलेल्या वजनांना तेच म्हणत असत. पोस्टमन, दूधवाला, माझ्या घरी आलेले माझे साहेब, सगळ्यांना ते एकच वाक्य ऐकवत: "लोखंड वापरून झिजतं, माणूस न वापरता झिजतो." मी एकदा एक महिनाभर मोजलं. सव्वीस वेळा.

पलंगाखाली त्यांच्या दोन पेट्या होत्या. एका पेटीत खरी वजनं, हिरवा रंग दिलेली. दुसरी कुलूपबंद. तिच्यात खात्यानं जप्त केलेली, न्यायालयात खोटी ठरलेली आणि शिक्का खोडून भंगारात विकलेली वजनं. निवृत्त होताना त्यांनी ती लिलावात घेतली होती. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. काहींवर 'देण्याचं' आणि काहींवर 'घेण्याचं'. लबाड व्यापारी दोन जोड ठेवतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. गिऱ्हाइकाला माल द्यायचं वजन आतून पोखरलेलं, हलकं. शेतकऱ्याकडून माल घ्यायचं वजन आत शिसं भरलेलं, जड. कोरलेला आकडा दोन्हींवर एकच. "तीस साल इनके पीछे दौडा," ते पेटीवर थाप मारून म्हणत, "आता ह्यांना जन्मठेप." किल्ली त्यांच्या कमरेला असे.

आता आईचं सांगतो. सिल्लोडपासून पुढे आमचं गाव. घर, अडीच एकर जमीन, मका आणि कापूस. वडील गेल्यावर आई तिथं एकटीच राहायची. शेजारी माझे काका, पण चूल तिची वेगळी. चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये ती ओसरीवरून पडली आणि डावं मनगट मोडलं. मी तिला इकडे आणलं. सहा आठवडे प्लास्टर. नंतरही मी तिला काही करू दिलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या उचलला तरी मी धावत जायचो. मी ते काळजीपोटी करत होतो, हे खरं आहे. आणि त्याचा परिणाम काय झाला तेही खरं आहे. ऑगस्टपर्यंत तिचे पाय इतके गेले की संडासात बसल्यावर तिला एकटीला उठता येईना. माझी बायको बाहेर उभी राहायची, आई आतून कडी वाजवायची, मग ही आत जाऊन काखेत हात घालून तिला उठवायची. आईला याची इतकी लाज वाटू लागली की तिनं पाणी पिणं कमी केलं. वाळूजच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, आवक-जावक मला लगेच दिसते. सकाळी भरून ठेवलेला तिचा तांब्या संध्याकाळी तसाच असायचा.

"मला मपल्या घरी नेऊन सोड," ती रोज म्हणायची.

"तिथं तुला कोण उठवणार?"

एकदा मी चिडून म्हणालो, "जमिनीवरून, कुणाचा हात न धरता, ओळीनं दहा वेळा उठून दाखव. त्या दिवशी जा." हे शक्य नाही असं समजूनच मी म्हणालो होतो. गावचं घर बंद करायचं आणि आईला कायमचं इथं ठेवायचं, हे माझं ठरलेलं होतं. त्यासाठी वरच्या संडासात कमोड बसवायचा, म्हणून मिस्त्रीकडून अंदाजपत्रकही आणलं होतं. घरमालकाची परवानगी हवी, म्हणून रीतसर अर्ज लिहून चाचांना दिला.

त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून पारड्यात ठेवला आणि वजन बघितलं. "पाच ग्रॅम," म्हणाले. "नामंजूर."

"चाचा, तिला उठता येत नाही."

"म्हणून तर. कमोड बसवला की गुडघे पेन्शनीत गेले समजा. अक्कांना खाली पाठवा."

"तिचं मनगट मोडलंय. ती सदुसष्ट वर्षांची आहे."

"मी सत्तरचा. माझ्यासमोर लहान आहेत. पाठवा."

मी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या टाकीत पाणी नव्हतं. मोटारीचं बटण चाचांच्या खोलीत. कंपनीची बस सात वाजून पाच मिनिटांनी नाक्यावर येते, आणि मी साबण लावून बसलेलो. गॅलरीतून हाक मारली तर खालून उत्तर आलं, "अक्का उतरल्या की मोटर चालू!"

बायकोनं आईचा हात धरून तिला सतरा पायऱ्या उतरवलं. मोटार सुरू झाली. हे पुढे रोजचंच झालं. आठवड्यात तीन दिवस व्यायाम, मधले दिवस विश्रांती. पण विश्रांतीच्या दिवशीही आईनं खाली येऊन "आज आराम आहे" असं सांगायचं, तेव्हाच पाणी. बायको म्हणाली, घर बदला. मी तीन घरं पाहिली. तिन्हींचं भाडं दीडपट होतं.

पहिले सहा आठवडे वजन नव्हतं. स्टुलावर बसायचं, दोन्ही हात छातीशी बांधायचे आणि उभं राहायचं. भिंतीला तळवे लावून तिला ढकलायचं. भिंत धरून टाचा वर, टाचा खाली. श्वास कोंडायचा नाही, म्हणून मोठ्यानं आकडे म्हणायचे. इथं पहिलं भांडण झालं. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आई म्हणायची, "लाभ, दोन, तीन." चाचांच्याकडे एकाला बरकत म्हणतात.

"बरकत बोला अक्का, अंगाला लागंल."

"तुमच्या बरकतीनं व्यापाऱ्याचं अंग भरलं, मपलं नाय. लाभ!"

शेवटी दोघं एकदम आपापला शब्द ओरडत आणि दोनपासून पुढे एकत्र मोजत. हे सकाळी साडेसहाला, माझ्या खिडकीखाली.

स्टूल माझं होतं. बायकोच्या माहेरहून आलेलं, सागवानी, सतरा इंच उंच. एका शनिवारी त्यावर चढून बल्ब बदलायला गेलो तर हात पोचेना. मापलं तर पंधरा इंच. अंगणाच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाच्या सोळा लाकडी चकत्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. चाचा दर पंधरवड्याला स्टुलाचे चारही पाय अर्धा इंच कापायचे, पण सुरुवातीला आई पटपट पुढे गेल्यानं त्यांनी आठवड्यालाच करवत चालवली होती.

"चाचा, हे माझं स्टूल आहे!"

"आहे ना. कुठं गेलं? बसा, बघा. आता उठा." मी बसलो आणि उठलो. माझ्या गुडघ्यातून आवाज आला. चाचांनी तो ऐकला आणि भिंतीकडे, कोळशाकडे पाहिलं. मी तिथून निघून गेलो.

स्टूल शेवटी नऊ इंचांचं झालं. ते अजून आमच्याकडे आहे. बायको त्यावर बसून भाजी निवडते आणि मला दोष देते.

दसऱ्यापासून वजनं हातात घ्यायची ठरली. त्याआधी मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांच्याकडून आकडा मागितला. "हलक्यापासून सुरुवात करा," असं ते म्हणाले. मी विचारलं, "हलकं म्हणजे किती किलो?" बाहेर रांग होती. "एक-दोन," ते म्हणाले. मी घरी येऊन चाचांना बजावलं: दोन किलो. एका हातात एक. त्यापुढे एक ग्रॅम नाही. त्यांनी मान हलवली. मी आईच्या नावानं वही घातली. तारीख, वजन, किती वेळा. रविवारी ती वही मी तपासायचो. सतरा आठवडे प्रत्येक ओळीत एकच आकडा होता, दोन किलो.

मधल्या काळात आई सुधारली, हे मी नाकारत नाही. दिवाळीत ती जिना कठडा धरून एकटी उतरली. डिसेंबरात संडासाच्या कडीचा आवाज बंद झाला. बायकोनं मला ते सांगितलं नाही, माझ्याच लक्षात आलं. तांब्या दिवसातून दोनदा भरावा लागायला लागला. मी म्हणायचो, दोन किलोंत एवढं होतं तर बरंच आहे, वाढवायची गरज काय? आणि गावाचा विषय निघाला की थंडी संपू दे, असं सांगायचो. चाचा मला एकदा म्हणाले, "स्टोअरवाले, तुम्ही माल आत घेता, बाहेर सोडत नाही."

तर बारा फेब्रुवारी. रद्दीवाला आला. मी त्याची वजनं नेहमी तपासतो. त्या दिवशी आईचं दोन किलोचं वजन अंगणातच पडलेलं होतं, ते उचलून मी त्याच्या तराजूच्या एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात त्याचं दोन किलोचं. आईच्या वजनाचं पारडं धाडकन खाली गेलं.

म्हणजे रद्दीवाल्याचं वजन हलकं. मी सवयीनं ओरडणार होतो, तेवढ्यात हिशेब लक्षात आला. रद्दीवाला माल घेतो. हलक्या वजनानं घेतला तर नुकसान त्याचंच. स्वतःला लुटणारा रद्दीवाला मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानंही पाहिला नव्हता. तो खाली बसला.

"आठ साल!" तो म्हणाला. "आठ साल से मैं लोगों को फुकट में पैसा बाँट रहा? साहब, मैं तो लुट गया!"

त्याची दया येऊन मी दोन्ही वजनं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली. तिथल्या शिक्क्याच्या वजनांशी लावली. रद्दीवाल्याचं काट्यावर काटा. आईचं एक वजन दोन किलो तीनशे दहा. परत येऊन दुसरं नेलं, दोन किलो दोनशे ऐंशी. दोन्हींच्या तळाशी शिसं होतं आणि शिक्क्याची जागा खोडलेली. हिरवा रंग वरून नव्यानं दिलेला होता. रद्दीवाल्यानं आकाशाकडे हात जोडले आणि माझी रद्दी न घेताच गेला.

"चाचा!"

ते बाहेर आले. मी वजन पुढे धरलं. त्यांनी ते फडक्यानं घेतलं, उलटं केलं आणि चोरी पकडली गेलेल्या व्यापाऱ्याचा चेहरा कसा होत असेल ते मला तेव्हा कळलं.

"हे जन्मठेपेतलं आहे," मी म्हणालो. "घेण्याचं वजन आहे. तुम्ही रंग देऊन आईला दिलंत. तीस वर्षं लोकांना यासाठी कोर्टात खेचलंत तुम्ही!"

"तुम्ही दोनच्या पुढं जाऊ देत नव्हते," ते हळू म्हणाले. "अक्का दसऱ्यालाच पुढं गेल्या होत्या. दोन त्यांना पहिल्या दिवसापासून पिसासारखं. पिसं उचलून हाड बनत नाही."

"मला विचारायचं!"

"चार बार विचारलं."

ते खरं होतं. दसऱ्याआधी चार वेळा, आणि चारही वेळा मी डॉक्टरांचा आकडा पुढे केला होता. पण मी तेव्हा थांबणार नव्हतो. "मनगट पुन्हा मोडलं असतं तर? माझ्या वहीतल्या एक्कावन्न नोंदी खोट्या आहेत! मी हिशेब केलाय. वीस वेळा, एक्कावन्न दिवस, दोन्ही हात मिळून तिनं सहाशे एक किलो आठशे ग्रॅम जास्तीचं उचललं. न सांगता! माझ्या आईला फसवलंत तुम्ही!"

आई पायरीवर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "मला कुणी फसावलं?"

"ह्यांनी. हे वजन दोन किलोचं नाही."

"ते मला ठावं हाय."

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. चाचांचं तोंड उघडं राहिलं.

"कवापासून, अक्का?"

"पैल्या दिवशीच. हातात घेतलं तवाच." तिनं सालं फुंकली. "चाळीस वरसं मका घातली आडत्याला. त्याचं घ्यायचं वजन कसं असतं ते हाताला कळत नाय व्हय? तवा बोलता येत नव्हतं, माल त्याच्या दारात पडलेला. म्हणलं, आता हे लोखंड मपल्या हातात आलंय तर वापरू द्या मला."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू काडून घेतलं असतं." मग तिनं विचारलं, "किती म्हणला? सहा क्विंटल?"

"सहा क्विंटल एक किलो आठशे ग्रॅम."

"तेवढं तर त्यानं एका सुगीत मारलं असंल," ती म्हणाली आणि लसणाचं ताट बाजूला ठेवलं. पायरीवरून खाली आली, अंगणात फरशीवर मांडी घालून बसली. हात छातीशी बांधले. "लाभ," म्हणाली आणि उठली.

चाचांनी आपली बरकत गिळली. ती बसली, उठली. सहाव्या वेळेला तिचा डावा पाय थरथरला आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. चाचांनी फडक्याचा हात आडवा धरला. मनगट धरावं तसा नाही, नुसता आडवा. सात. आठ. नवव्या वेळी ती थांबली, दम घेतला, पदर खोचला. दहा. मला मोजायचं नव्हतं, तरी माझे ओठ हलत होते, असं बायको वरच्या गॅलरीतून पाहून नंतर म्हणाली.

"आता मला गावी जायचंय," आई म्हणाली. "कापसाची शेवटची येचणी हाय, मका घरात यील. थंडी बी संपली."

मी चाचांवर घसरलो. हे वजन गुन्हा आहे, त्याची शिक्षा काय, असं विचारलं. त्यांनी ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. आतून कागद आणला आणि स्वतःविरुद्ध जप्तीचा पंचनामा लिहिला, खात्याच्या भाषेत, एक ओळ न चुकता. 'सदर इसमाने खोटे वजन खरे म्हणून वापरात आणले.' पंच म्हणून माझी सही घेतली, आईचा अंगठा घेतला. मग म्हणाले, "दंड तुम्ही ठरवा."

मी लगेच म्हणालो, "कमोडची परवानगी."

ते उठून आत गेले. मग माझा सहा महिन्यांपूर्वीचा अर्ज शोधून काढला, 'नामंजूर' खोडलं आणि 'मंजूर' लिहून सही केली. मी अर्ज आईपुढे धरला.

"मला कशाला?" ती म्हणाली. "मी चालले की. तुला पायजे तर तुझ्यासाठी बशीव. त्या दिवशी गुडघा वाजला म्हनं तुझा."

तिसऱ्या दिवशी मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, निदान ते तरी माझ्या बाजूनं बोलतील म्हणून. त्यांनी आईचं मनगट तपासलं, तिला खुर्चीतून उठायला लावलं, मग माझी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि हसले. "दोन किलो मी सुरुवातीसाठी म्हणालो होतो. ती काय आयुष्यभराची मर्यादा आहे? स्नायूंना थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. पण न सांगता नको, तेवढं तुमचं बरोबर." हे शेवटचं वाक्य मी चाचांना दोनदा सांगितलं. "हौ," ते दोन्ही वेळा म्हणाले.

चाचा एक्क्याऐंशीव्या वर्षी गेले, तोवर आम्ही ते घर सोडलेलं होतं. मैतीला गेलो तेव्हा अंगणाच्या भिंतीवर त्या वर्षीचे रकाने होते. स्वतःच्या नावापुढे त्यांनी 'दुरुस्तीस पात्र' लिहिलेलं होतं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. खाडाखोड नव्हती, एवढंच सांगतो.

आईला मी त्याच पंचाण्णवच्या मार्चच्या पहिल्या रविवारी एसटी स्टँडवर नेलं. मीही बरोबर येतो म्हणालो होतो, पण "तुझी सुट्टी कशाला मोडतो" म्हणून तिनं ऐकलं नाही. सिल्लोडला काका उतरवून घेणार होते. चाचा आले होते. त्यांनी आईला घेण्याच्या वजनांचे दोन जोड दिले होते, दोन-दोन किलोंचे आणि पाच-पाच किलोंचे, गोणपाटात बांधून. चिठ्ठ्या तशाच ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर खरं वजन लिहिलं होतं. "आता लपवाछपवी नाही," ते म्हणाले.

गाडीची पहिली पायरी उंच होती. मी हात पुढे केला. तिनं तो पाहिला, आणि दांडी धरून चढली. गोणपाट तिनं स्वतः आत ओढलं. वाहकानं पायानं चाचपून पाहिलं.

"आजी, दगड भरलेत का काय?"

"लोखंड हाय."

"कशाला?"

"उचलाया."

"कुणाला?"

"मलाच. दुसऱ्या कुणाला?"

वाहकानं गाठ सोडून, चिठ्ठ्या बाजूला सारून कोरलेले आकडे वाचले, पाच, पाच, दोन, दोन, मनात बेरीज केली, बाकीच्या पिशव्यांकडे नजर टाकली. "बसतंय," म्हणाला. "लगेज लागत नाही."

कोरलेल्या आकड्यांनी बसत होतं. खऱ्या वजनानं सामान मोफत मर्यादेपेक्षा जास्त भरत होतं. आदल्या संध्याकाळी मी सगळं तोललं होतं. आई खिडकीतून मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होती. चाचा फलाटावरच्या वेळापत्रकाकडे बघत होते.

"एक मिनिट," मी वाहकाला म्हणालो. "ती वजनं खोटी आहेत. खरं जास्त भरतं."

वाहकानं माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं. "आजी, हे तुमचे कोण?"

"लेक हाय," आई म्हणाली. "असाच हाय."

लगेजचे तीन रुपये मी वाहकाला दिले. आईच्या तिकिटासाठी काढलेली नोट तिनं खिडकीतून माझ्याकडे परत ढकलली, आणि कमरेच्या पिशवीतून पैसे काढून वाहकाला स्वतःच दिले.